तापणाऱ्या पोलादावर धातूचे थर टिकवताना

पोलादावर चढवलेला तांबे-निकेल-क्रोमियमचा मुलामा थंड असताना आरशासारखा दिसतो, आणि तोच भाग यंत्रात बसून तापू लागला की काही दिवसांत त्यावर फोड येतात. अशा वेळी सगळ्यांचे लक्ष आधी प्लेटिंगच्या टाकीकडे वळते. द्रावण तपासले जाते, अ‍ॅम्पिअर पाहिले जातात, कामगाराला चार शब्द ऐकवले जातात, आणि एवढे होईपर्यंत सुटून पडलेला पापुद्रा केरात गेलेला असतो. माझ्या मते पहिली चूक इथेच होते. थर नेमका कुठून सुटला हे त्या पापुद्र्यावर लिहिलेले असते, आणि ते वाचल्याशिवाय केलेला उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड असतो. म्हणून या मार्गदर्शनाची सुरुवात टाकीपासून न करता पापुद्र्यापासून केली आहे.

पुढील विवेचन मुख्यतः विद्युत-विलेपनाने, म्हणजेच प्लेटिंगने, एकावर एक चढवलेल्या थरांविषयी आहे. गॅल्वनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून चढवलेला लेप, आणि धातूचा फवारा यांचा विचार जिथे मुद्दा अधिक स्पष्ट होतो तिथे केला आहे. थर चिकटून राहण्याच्या गुणाला शास्त्रीय लेखनात आसंजन म्हणतात. इथे मात्र कामाच्या ठिकाणी रुळलेला ‘पकड’ हाच शब्द वापरला आहे.

आधी पापुद्रा वाचावा

सुटलेला तुकडा चिमट्याने उचलावा, त्याला बोट लावू नये, आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली त्याची पाठ व जॉबवर, म्हणजे ज्या भागावर काम चालू आहे त्यावर, उघडी पडलेली जागा या दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. पापुद्र्याची पाठ चकचकीत असेल आणि खालचे पोलादही तितकेच स्वच्छ असेल, तर त्या दोघांची गाठ मुळात पडलीच नव्हती. मध्ये तेलाचा किंवा ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा पातळ पडदा राहिला होता आणि उष्णतेने तो फक्त उघडकीस आणला. दोन्ही बाजूंना काजळीसारखे काळे लागलेले असेल, तर जॉब आम्लात गरजेपेक्षा जास्त वेळ राहिला असे समजावे, कारण आम्लाने लोखंड विरघळते पण पोलादातला कार्बन मागे उरतो आणि पुढचा थर त्या काजळीवर बसतो. पापुद्र्याच्या पाठीला पोलादाचे करडे कण चिकटून आले असतील, तर मात्र थराला दोष देता येत नाही. त्याची पकड पक्की होती. ग्राइंडिंगमध्ये करपलेले किंवा चुरगळलेले वरचे पोलादच आतून फाटले.

थर एकाहून अधिक असले की सुटण्याची जागा दोन थरांच्या मधलीही असू शकते, आणि डोळ्यांना निकेल व पोलाद यांतला फरक नेहमीच कळतो असे नाही. यासाठी एक सोपी युक्ती आहे. उघड्या पडलेल्या जागेवर मोरचुदाच्या सौम्य द्रावणाचा एक थेंब ठेवावा. खाली पोलाद असेल तर काही सेकंदांत तो ठिपका तांबूस होतो. निकेल असेल तर रंग तसाच राहतो. उघडी जागा निकेलची आणि पापुद्र्याची पाठही निकेलची निघाली, तर प्लेटिंग चालू असताना विद्युतप्रवाह मध्येच तुटला होता हे जवळजवळ निश्चित समजावे, कारण निकेलवर अशा खंडात काही क्षणांतच निष्क्रिय पडदा तयार होतो आणि त्यावर चढलेले दुसरे निकेल नुसते टेकून बसते.

रंगही बरेच सांगतो. पोलादावर निळसर काळा थर, तांब्यावर काळा किंवा लालसर थर, निकेलवर हिरवट झाक दिसली, तर छिद्रांतून किंवा भेगांतून ऑक्सिजन आत पोहोचला होता. दोन्ही बाजू करड्या, निस्तेज आणि बारीक खळग्यांनी भरलेल्या असतील, आणि भाग बराच काळ तापात राहिलेला असेल, तर विसरणाने, म्हणजे एका धातूचे अणू दुसऱ्यात शिरल्याने, पडलेल्या पोकळ्यांचा संशय घ्यावा. फोड पहिल्याच तापण्यात आले की महिन्याभराने आले, याची नोंद पापुद्र्याच्या पाकिटावर जरूर करावी. तयारीतला दोष आणि अडकलेला वायू पहिल्या तापण्यात बाहेर पडतो, विसरणाचे नुकसान मात्र सावकाश साचते.

उष्णता थराशी काय करते

पहिली गोष्ट प्रसरणाची. एक अंश सेल्सिअस तापमानवाढीला साधे पोलाद आपल्या लांबीच्या दशलक्षांश भागांत मोजल्यास साधारण १२ भाग वाढते, निकेल १३, तांबे १७, चांदी १९, आणि क्रोमियम मात्र जेमतेम ६. थर पोलादाला चिकटलेला असल्यामुळे त्याला स्वतःच्या मर्जीने वाढता येत नाही आणि उरलेला फरक ताणाच्या किंवा दाबाच्या रूपाने थरात साठतो. थर आणि पोलाद यांच्या प्रसरणांकांतला फरक, तापमानातला फरक आणि थराचा लवचिकता गुणांक यांचा गुणाकार करून त्याला (१ − पॉयसाँ गुणोत्तर) ने भागले, की या ताणाचा अंदाज येतो. पॉयसाँ गुणोत्तर म्हणजे ओढल्यावर पदार्थ आडवा किती आकसतो आणि लांबीला किती वाढतो यांचे प्रमाण.

हिशेब करताना खोलीचे तापमान धरू नये. थर जन्मतो तो टाकीत, आणि निकेलची टाकी ५५ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे उष्णतेचा ताण तिथे शून्य असतो. तिथून ३०० अंशांपर्यंत जाताना सुमारे २५० अंशांचा फरक पडतो. त्या फरकाला निकेलमध्ये साधारण १०० मेगापास्कल दाब येतो, तांब्यात २०० च्या घरात येऊ पाहतो पण मऊ तांबे त्याआधीच दबून आकार बदलते, आणि क्रोमियममध्ये ५०० मेगापास्कलचा उलट्या दिशेचा, म्हणजे ओढणारा ताण निर्माण होऊ पाहतो. क्रोमियम तो सोसत नाही. त्यात आधीच असलेल्या सूक्ष्म भेगा रुंदावतात आणि नव्या पडतात.

यातून दोन वेगवेगळ्या वागणुकी दिसतात. पोलादापेक्षा जास्त प्रसरणारा थर तापताना दाबाखाली येतो आणि जिथे पकड नाही तिथे छत्रीसारखा वर उचलला जातो. फोड म्हणतात तो हाच. जिथे पकड आहे तिथे तो दबून किंचित कायमचा आखूड होतो, आणि मग थंड होताना तोच थर ओढला जातो. त्यामुळे तापताना शाबूत राहिलेला थर थंड होताना कडेपासून सोलला गेला, तर त्यात नवल नाही. गरम जॉब पाण्यात बुडवण्याची चाचणी या दोन्ही अवस्था एकाच प्रयोगात दाखवते, म्हणून ती इतकी उपयोगी ठरते.

थराला सोलून काढणारी ऊर्जा ताणाच्या वर्गाच्या आणि थराच्या जाडीच्या प्रमाणात वाढते. हे सूत्र साधे असले तरी कामात सर्रास विसरले जाते: थर सुटतो म्हटले की ‘जाड चढवा’ हा सल्ला हमखास मिळतो, आणि जाडी दुप्पट केली की सोलणारी ऊर्जाही दुप्पट होते. जाडी वाढवण्याचे योग्य कारण एकच, ते म्हणजे छिद्रे बंद करणे.

दुसरी गोष्ट विसरणाची, आणि बहुथरी लेपात माझ्या दृष्टीने सर्वांत गुंतागुंतीची हीच. तापमान वाढले की एका धातूचे अणू शेजारच्या धातूत शिरू लागतात. दोन्हीकडून होणारी ही ये-जा सारख्या वेगाने होत नाही. १९४७ साली स्मिगेल्स्कास आणि कर्केंडॉल यांनी पितळेच्या ठोकळ्याभोवती मॉलिब्डेनमच्या बारीक तारा ठेवून त्यावर तांबे चढवले आणि ते दीर्घकाळ तापवत ठेवले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींकडे सरकलेल्या आढळल्या. पितळेतले जस्त बाहेर पडत होते त्या वेगाने तांबे आत येत नव्हते. ज्या बाजूने अणू अधिक वेगाने निघून जातात तिथे रिकाम्या जागा साचतात, त्या एकत्र येऊन पोकळ्या होतात, आणि पोकळ्यांची रांग लागली की थर तिथून कागदासारखा उलगडतो.

गॅल्वनाइज केलेल्या पोलादात हे अगदी स्पष्ट पाहायला मिळते. सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या पोलादावर आतून बाहेर जस्त-लोहाच्या मिश्र थरांची उतरंड असते आणि सर्वांत वर जवळजवळ शुद्ध जस्त असते. असा भाग २०० अंशांच्या वर दीर्घकाळ राहिला, की वरचे जस्त खालच्या मिश्र थरांत ओढले जाते, दोघांच्या सीमेवर पोकळ्या पडतात आणि बाहेरचे जस्त सालीसारखे सुटते. खालचे मिश्र थर पोलादाला तसेच धरून असतात. म्हणजे इथे पोलादाशी असलेली पकड शाबूत असूनही लेप सुटतो. म्हणूनच सतत तापणाऱ्या गॅल्वनाइज्ड भागासाठी २०० अंश ही मर्यादा मानली जाते.

तरीही विसरणाला सरसकट शत्रू मानू नये. निकेल आणि लोखंड एकमेकांत सहज मिसळतात, आणि निकेल चढवलेली पोलादी पट्टी हवा नसलेल्या किंवा क्षपणकारक वायूच्या भट्टीत तापवली, की सीमेवर दोन्हींचा मिश्र थर तयार होतो. मग सोलायला स्पष्ट सीमाच उरत नाही. बॅटरीच्या डब्यांसाठी लागणारे निकेलयुक्त पोलाद अशा रीतीनेही तयार करतात. लोखंड आणि ॲल्युमिनियम यांच्यात मात्र ठिसूळ आंतरधातू संयुगे वेगाने वाढतात. त्यांना आवर घालण्यासाठी ॲल्युमिनियममध्ये सुमारे १० टक्क्यांपर्यंत सिलिकॉन मिसळतात. कथील आणि तांबे एकमेकांना लागून ठेवले तर अशीच ठिसूळ संयुगे आणि पोकळ्या दोन्ही मिळतात. थरांची जोडी निवडताना म्हणूनच ‘हे दोन धातू तापल्यावर एकमेकांत काय करतात’ हा प्रश्न रंग आणि चकाकी यांच्या आधी विचारावा.

उरतात ते वायू. प्लेटिंगमध्ये आणि आम्लात पोलाद हायड्रोजन शोषते, आणि तापल्यावर तो बाहेर पडू पाहतो. सीमेवर कुठे कच्ची जागा असेल तर तिथे साचून थर वर ढकलतो. ऑक्सिजन उलट्या दिशेने येतो. चांदीच्या बाबतीत तर छिद्रांचीही गरज पडत नाही, कारण तापलेल्या चांदीतून ऑक्सिजन सरळ आरपार जातो. चांदीखाली थेट तांबे असेल तर ते आतल्या आत ऑक्सिडाइज होते आणि वरून निर्दोष दिसणारी चांदी एके दिवशी अखंड निघून येते. तापणाऱ्या भागात चांदीखाली निकेल द्यावे ते यासाठी.

तापमान ठरले की थरांचा क्रम ठरतो

सर्वांत आधी भाग जास्तीत जास्त किती तापतो, किती वेळ त्या तापमानात राहतो आणि किती वेळा थंड होतो, या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. शक्यतो मोजलेले आकडे घ्यावेत. ‘बऱ्यापैकी गरम होते’ या वर्णनावर थर निवडू नये.

२०० अंशांपर्यंत जस्तासह बहुतेक लेप चालतात आणि पकडीचा प्रश्न जवळजवळ पूर्णपणे तयारीचा असतो. त्यापुढे कथील २३२ अंशांना, कॅडमियम ३२१ अंशांना आणि जस्त ४१९ अंशांना वितळते हे लक्षात ठेवावे. कॅडमियम आणि जस्त यांच्याबाबत पकडीपेक्षा मोठा धोका असा, की वितळण्याच्या जवळ ते उच्च ताकदीच्या, ताणाखालच्या पोलादात शिरून त्याला तडे पाडू शकतात.

३०० अंशांच्या आसपास तांबे-निकेल-क्रोमियम ही नेहमीची रचना चालते, पण तांब्याला तिथे काही काम आहे का हे विचारावे. तांबे पृष्ठभाग सपाट करते आणि त्याला पॉलिश चांगले चढते. ज्या भागाला ही शोभा नको आहे, त्यावर स्वच्छ पोलादावर थेट निकेल चढवणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण एक सीमा कमी होते आणि जास्त प्रसरणारा धातूही टळतो. तांबे ठेवलेच तर ते कधीही उघडे राहू देऊ नये.

३०० च्या वर निकेल कोणते हे महत्त्वाचे ठरते. चकचकीत निकेलच्या टाकीत घातलेल्या ब्राइटनरमधून, म्हणजे चकाकी आणणाऱ्या रसायनातून, गंधक थरात येते; तापल्यावर ते कणांच्या सीमांवर गोळा होते आणि निकेल ठिसूळ बनते. तापणाऱ्या भागासाठी म्हणून गंधकविरहित निस्तेज निकेल घ्यावे, म्हणजे ब्राइटनर न घातलेल्या वॉट्स (मुख्यतः निकेल सल्फेटच्या) किंवा सल्फामेट (निकेल सल्फामेटच्या) द्रावणातले. दिसायला ते फिके असते. ग्राहक चकाकीचा आग्रह धरत असेल तर त्याला हे कारण आधीच सांगितलेले बरे. विजेविना चढवलेले निकेल-फॉस्फरस ४०० अंशांच्या सुमारास स्फटिकरूप होते, कठीण होते आणि आक्रसते. त्या आक्रसण्याने जाड थराला भेगा पडू शकतात. कठीण क्रोमियमची कठीणताही याच पट्ट्यापासून उतरू लागते.

५०० ते ६५० अंशांत सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमचा लेप प्लेटिंगपेक्षा सरस ठरतो. एक गोष्ट इथे ध्यानात घ्यावी, की ५७० अंशांच्या वर लोखंडाच्या ऑक्साइडचा एक वेगळा, झपाट्याने वाढणारा प्रकार तयार होतो, त्यामुळे लेपातले एखादे छिद्रसुद्धा शेजारचा थर खालून उचलू शकते. आणि ७२७ अंश ओलांडले की साध्या कार्बन पोलादाची अंतर्गत रचनाच बदलते व त्याबरोबर आकारमानही. वरचा थर हा धक्का प्रत्येक चक्रात सोसत राहतो. तिथे पोलादच बदलावे, लेपाकडून चमत्काराची अपेक्षा करू नये.

पृष्ठभागाची तयारी

कडा आणि कोपरे गोल करावेत आणि बर, म्हणजे कापताना कडेला उरलेली धातूची कुसळे, काढून टाकावी. धारदार कडेवर विद्युतप्रवाह गोळा होतो, तिथे थर जाड, ताणलेला आणि हायड्रोजनने भरलेला बसतो, आणि सोलणे बहुधा तिथूनच सुरू होते.

त्यानंतर गरम अल्कली द्रावणात तेल काढावे आणि शेवटची विद्युत-स्वच्छता जॉब धन टोकाला जोडून करावी, म्हणजे हायड्रोजन पोलादात जाण्याऐवजी पृष्ठभागावर सुटणारा ऑक्सिजन घाण ढकलून काढतो. स्वच्छतेची खात्री पाण्याने करावी: धुतलेला जॉब तिरका धरल्यावर पाण्याचा पडदा अर्धा मिनिट अखंड राहिला पाहिजे. पाणी कुठे फाटले, थेंब झाले, की तिथे तेल आहे. जॉब परत अल्कलीत न्यावा. ही पाहणी आम्लानंतर न करता आम्लाआधी करावी, कारण आम्लाने ओला झालेला पृष्ठभाग थोडे तेल असूनही पाणी धरून असल्याचा आभास निर्माण करू शकतो.

आम्लात जॉब गंज निघून पृष्ठभाग एकसारखा करडा होईपर्यंतच ठेवावा. काजळी आलीच तर ती पुसून किंवा धन टोकावरच्या विद्युत-स्वच्छतेने काढावी आणि पुन्हा अगदी थोडा वेळ आम्लात बुडवून पुढे जावे. उच्च ताकदीच्या पोलादाला आम्ल जितके कमी तितके चांगले. तिथे कोरड्या ग्रिट ब्लास्टिंगने, म्हणजे टोकदार कणांच्या जोरदार माऱ्याने, बरेचसे काम उरकावे.

पहिला पातळ थर

सगळ्या थरांची पकड पहिल्या एक-दोन मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अवलंबून असते, म्हणून या पायरीवर थोडे रेंगाळणे योग्य आहे. लोखंडी खिळा घासून मोरचुदाच्या द्रावणात बुडवून पाहावा. वीज न जोडताही क्षणात त्याच्यावर लाल तांबे चढते, दिसते सुरेख, पण बाहेर काढून अंगठ्याने घासले की अंगठा लाल होतो आणि खिळा उघडा पडतो. लोखंड विरघळताना त्याच्या बदल्यात तांबे बसते, आणि ते भुसभुशीत असते. पोलादी जॉब थेट आम्लयुक्त तांब्याच्या टाकीत घातला तर हेच होते. फरक इतकाच, की वर चांगल्या तांब्याचे आणि निकेलचे थर बसल्यामुळे खालचा भुसभुशीत थर तापेपर्यंत कोणालाही दिसत नाही.

यासाठी तांब्याआधी सायनाइड तांब्याचा किंवा निकेलचा पातळ प्राथमिक थर, म्हणजे स्ट्राइक, द्यावा लागतो. सायनाइडच्या टाकीत आम्लाचा थेंबही जाता कामा नये, कारण त्यातून प्राणघातक हायड्रोजन सायनाइड वायू निघतो. आम्ल आणि सायनाइड यांच्यामध्ये भरपूर पाण्याने दोनदा धुणे आणि हवा खेचणारी यंत्रणा चालू असणे या गोष्टी सोयीनुसार सोडून देण्याच्या नाहीत.

स्टेनलेस आणि जास्त क्रोमियमच्या पोलादावर नेहमीचे निकेल धरतच नाही, कारण धुवून काढता काढता तिथे ऑक्साइडचा पडदा पुन्हा तयार होतो. तिथे वुड यांच्या नावाने ओळखला जाणारा निकेल स्ट्राइक वापरावा: लिटरला सुमारे २४० ग्रॅम निकेल क्लोराइड आणि १२५ मिलिलिटर संहत हायड्रोक्लोरिक आम्ल, खोलीच्या तापमानाला, चौरस डेसिमीटरला ५ ते १० अ‍ॅम्पिअर, १ ते ३ मिनिटे. यातले आम्ल पडदा विरघळवत असते आणि त्याच वेळी निकेल बसत असते. थर ताणलेला असतो, म्हणून तो पातळच ठेवावा. तिथून जॉब झटपट धुवावा आणि सुकू न देता पुढच्या टाकीत उतरवावा. हातात धरून गप्पा मारत उभे राहण्याची ही वेळ नव्हे.

मुख्य थर

निकेल टाकीतून बाहेर येतानाच ताणलेले असते. साध्या वॉट्स द्रावणातल्या थरात साधारण १२५ ते २०० मेगापास्कल ओढणारा ताण असतो, सल्फामेटमध्ये तो ५० च्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवता येतो. जाड निकेल आणि वारंवार तापणे-निवणे असेल तर सल्फामेट घ्यावे असे मी सुचवेन. टाकीत तांबे, जस्त, शिसे यांची किंवा सेंद्रिय पदार्थांची भेसळ वाढली की ताण आणि ठिसूळपणा दोन्ही वाढतात, म्हणून सक्रिय कार्बनची गाळणी वेळच्या वेळी बदलावी.

चौरस डेसिमीटरला १ अ‍ॅम्पिअर या दराने निकेल तासाला सुमारे १२ मायक्रॉन चढते, म्हणजे ४ अ‍ॅम्पिअरला २५ मायक्रॉनसाठी अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात हुक हलला, रॅकचा, म्हणजे जॉब टांगण्याच्या चौकटीचा, संपर्क ढिला झाला किंवा वीज गेली, तर तेवढ्यावर पुढे चढवत राहू नये. जॉब काढून आम्लात सक्रिय करावा, किंवा वुड स्ट्राइकमधून नेऊन मगच पुन्हा निकेलमध्ये उतरवावा. या एका शिस्तीने निकेल-निकेलमधले सोलणे जवळजवळ थांबते.

भट्टी

ज्या पोलादाची ताकद १००० मेगापास्कलच्या वर आहे, ते प्लेटिंगनंतर शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ४ तासांच्या आत, १९० ते २२० अंशांच्या भट्टीत घालावे आणि ताकदीनुसार ८ तास किंवा त्याहून जास्त ठेवावे. या भाजण्याचा मूळ उद्देश हायड्रोजनमुळे येणारा ठिसूळपणा टाळणे हा असला, तरी पकडीची ती आपोआप घडणारी तपासणीही आहे. भट्टीतून फोड घेऊन आलेला जॉब भट्टीने बिघडवलेला नसतो. निकेल-फॉस्फरससाठी साध्या पोलादावर १८० ते २०० अंश आणि २ ते ४ तास ही पकड सुधारणारी मात्रा आहे, आणि ४०० अंशांची कठीण करणारी प्रक्रिया करायची असेल तर ती या पायरीनंतर करावी.

प्रत्येक वेळी तापमान सावकाश वाढवावे, म्हणजे हायड्रोजनला थरातून पाझरून जायला वेळ मिळतो.

फवाऱ्याने चढवलेले थर

६५० अंशांच्या वर सहसा निकेल-क्रोमियम मिश्रधातूचा फवारा, किंवा त्याहून कठीण सेवेसाठी क्रोमियम, ॲल्युमिनियम आणि यट्रियम असलेले मिश्रधातू वापरतात. यट्रियम अगदी अल्प असते, पण गंधकाला बांधून ठेवून ते संरक्षक ऑक्साइडला धरून ठेवते. इथली पकड मुख्यतः यांत्रिक असते, म्हणून ॲल्युमिनाच्या टोकदार ग्रिटने पृष्ठभाग खडबडीत करावा, तो दमट हवेत पडू न देता लगेच फवारावा, आणि आधी शंभरेक अंशांपर्यंत तापवून ओल घालवावी. बोथट झालेली ग्रिट पृष्ठभाग ठोकते, खरवडत नाही; ती वेळीच टाकून द्यावी.

या थरांची पकड एएसटीएम या मानक-संस्थेच्या सी ६३३ पद्धतीने, थराला गोंदाने दांडा चिकटवून तो ओढून मोजतात. मात्र गोंद तापात टिकत नसल्याने हा आकडा थंड अवस्थेतला असतो. भाग आधी वापराच्या तापमानात ठेवून, निववून, मग ओढला तरच त्या आकड्याला तापणाऱ्या भागासाठी काही अर्थ येतो.

चाचणी

चाचणी जॉबवर न करता सोबतच्या तुकड्यावर करावी, आणि तो तुकडा त्याच पोलादाचा, त्याच उष्णता-प्रक्रियेतून गेलेला आणि त्याच रॅकवर टांगलेला असावा. मऊ पत्र्याचा उरलासुरला तुकडा कठीण पोलादाची साक्ष देऊ शकत नाही.

पहिली चाचणी तापवून बुडवण्याची. आयएसओ २८१९ आणि एएसटीएम बी ५७१ या मानकांत ती दिली आहे: पोलादावरच्या तांबे, निकेल आणि क्रोमियम थरांसाठी ३०० अंश, चांदीसाठी २५०, जस्तासाठी १५०. तुकडा पूर्ण तापल्यावर खोलीच्या तापमानाच्या पाण्यात टाकावा. डोळ्यांवर चष्मा आणि हातात लांब सांडशी असावी, कारण वाफ उसळते. पाणी शांत झाल्यावर तुकडा पुसून तिरक्या उजेडात धरावा. सपाट प्रकाशात न दिसणारा मोहरीएवढा फोड तिरक्या उजेडात सावली टाकतो, आणि सुईचे टोक हलकेच दाबले की तो पोकळ असल्याचे कळते. टेम्पर केलेल्या भागाला ३०० अंश सोसत नसतील तर हा तुकडा नंतर वापरात घेऊ नये.

ही चाचणी पास झाली म्हणजे तयारी ठीक होती, इतकेच सिद्ध होते. विसरणाबद्दल ती काहीच सांगत नाही, कारण त्याला वेळ लागतो. त्यासाठी दुसरा तुकडा वापराच्या तापमानात दीर्घकाळ ठेवावा. विसरणाने वाढणाऱ्या थराची जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा २४ तासांत मधला थर २ मायक्रॉनचा झाला, तर ४ मायक्रॉन व्हायला ९६ तास लागतील. या हिशेबाने काही दिवसांच्या निरीक्षणावरून पुढच्या काळाचा अंदाज बांधता येतो. घाईने तापमानच वाढवून वेळ वाचवण्याचा मोह मात्र आवरावा, कारण वरच्या तापमानात वेगळेच संयुग तयार होऊ शकते किंवा एखादा थर वितळून प्रश्नच बदलतो.

तापातून काढलेला तुकडा आडवा कापावा. कापण्याआधी त्यावर आणखी निकेल चढवून घेतले तर पॉलिश करताना कड गोल होत नाही, आणि घासताना दाब थराकडून पोलादाकडे येईल असा धरावा, नाहीतर घासण्यानेच पडलेली फट पकड सुटल्यासारखी दिसते. २ टक्के नायटलने (अल्कोहोलमधल्या नायट्रिक आम्लाने) पोलाद हलकेसे खोदून सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक सीमा टोकापासून टोकापर्यंत पाहावी. सीमेच्या एकाच बाजूला ओळीने काळे ठिपके दिसले तर त्या पोकळ्या आहेत. ठिपके सुटे आणि तुरळक असतील तर तोच तुकडा आणखी चौपट वेळ तापात ठेवून पुन्हा पाहावा. ते एकमेकांना भिडून रेघ होऊ लागली असेल, तर तुकडा बुडवण्याच्या चाचणीत पास झालेला असला तरी ही थरांची जोडी त्या तापमानासाठी बाद करावी आणि मधला धातू बदलून नव्याने सुरुवात करावी.